पुढच्या सीटचे पट्टे

विमानाच्या मॉडेलमध्ये सीटचे पट्टे चुकले की माझं डोकं फिरतं. लोक महिनामहिना पंखांचा रंग घोटत बसतात, चाकांना खोटा चिखल लावतात आणि कॉकपिटमध्ये छापील पट्टे चिकटवून मोकळे होतात. ते पट्टे असे ताठ पडलेले असतात की धोब्याकडून इस्त्री करून आणले असावेत. अरे, पट्टा कापडाचा असतो, त्याला वजन असतं, सीटच्या कडेवरून तो लोंबतो, टोकाच्या धातूच्या भारानं वळतो. हे मी आमच्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर इतक्यांदा आणि इतक्या तिखटपणे सांगितलंय की आता फोटो टाकतानाच लोक आधी माझी माफी मागतात.

पोटापाण्यासाठी मी डेंटल लॅबमध्ये कॅपा आणि कवळ्या बनवते. नमिताचा हात स्थिर आहे, जीभ तेवढी नाही, असं आई म्हणते. पट्ट्यांचा माल मला त्या कामामुळेच सापडला. दातांच्या जुन्या एक्स-रे फिल्मच्या पाकिटात शिशाचा पातळ वर्ख असायचा. आता सगळे एक्स-रे कॉम्प्युटरवर निघतात, म्हणून ओळखीच्या म्हाताऱ्या डेंटिस्टांकडे उरलीसुरली पाकिटं मागत फिरावं लागतं. तो वर्ख ब्लेडनं बारीक कापला, रंगवला आणि चिमट्यानं हळूच वळवला की कापडासारखा पडतो. दुसऱ्या कशालाही ती सर येत नाही.

या वर्षी मी टायगर मॉथ करत होते. पंखांच्या दोन जोड्या, एकामागे एक दोन उघड्या सीटा, रुपेरी रंग. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आपल्याकडे विमान शिकायचं ते याच्यावरच. मॉडेल दोड्डप्पांनी मागितलं होतं. दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, फत्तेसिंगराव. आमची घरं म्हैसूरच्या फौजेत आलेल्या मराठ्यांची. घरात मराठी टिकली, पण नाती हाक मारण्यापुरती कानडी होऊन गेली. दोड्डप्पांनी लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून ते, आई आणि मी असे तिघंच कुवेंपुनगरच्या घरात राहतो. तरुणपणी ते बेंगळुरूजवळच्या एका फ्लाइंग क्लबात विमान शिकवायचे, एवढं मला माहीत होतं. मग ते एकदम सोडून बेळगोळच्या कारखान्यात नोकरीला का लागले, हे कधी कुणी सांगितलं नाही आणि विचारलं की आई डोळे वटारायची.

"मालोजीरावचं विमान कर," एवढंच ते म्हणाले होते. नंबरही सांगितला. मालोजीराव त्यांचा विद्यार्थी होता आणि विमान पडून गेला, हे सगळ्या समाजाला माहीत होतं.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी मी कॉकपिट पूर्ण केलं. वीतभर विमानात नखाएवढी सीट, तिच्यावर खांद्यांचे दोन आणि मांड्यांचे दोन असे चार पट्टे. पुढच्या सीटचे पट्टे मी सैल सोडून दोन्ही कडांवरून बाहेर लोंबवले होते. सगळेच तसे करतात. रिकाम्या सीटवर ते झकास दिसतं. दोड्डप्पांच्या डोळ्यांवर माझं भिंगाचं चष्म्यासारखं यंत्र चढवलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हे पुढचे असे का सोडलेस?"

"असेच सोडतात. छान दिसतात."

"छान?"

"मग कसे हवेत?" मी म्हटलं. महिनाभर डोळे फोडून केलेल्या कामावर कुणी बोट ठेवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, मग समोर कुणी का असेना.

ते खुर्चीत बसले. भिंग काढून मांडीवर ठेवलं. "सोलोचं विमान आहे हे, नमू. एकटा उडणारा मागच्या सीटवर बसतो. पुढची सीट मास्तराची, ती रिकामी असते. पण पुढेही विमान वळवायची एक स्टिक असते, मागच्या स्टिकला जोडलेली. मागची हलली की पुढची हलते. पुढचे पट्टे सैल राहिले आणि वळणात एखादा त्या स्टिकला अडकला, तर मागच्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून मास्तर उतरताना आपले चारही पट्टे रिकाम्या सीटवर आवळून बांधतो. पिनवर एकेक चढवायचा, वरून चाप लावायचा. ते केल्याशिवाय मी कधी खाली पाय ठेवला नाही."

"मग बांधते. त्यात काय एवढं?"

"त्या दिवशी मी बांधले होते," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघून म्हणाले, "बहुतेक."



तेव्हा कुठे मला सगळं कळलं. दसऱ्याचा दिवस, मालोजीरावाचा पहिला सोलो. नवं काही करायला याहून चांगला मुहूर्त नाही, म्हणून दोघांनी मिळूनच दिवस ठरवला होता. बरोबरीनं दोन फेऱ्या मारून झाल्यावर पेट्रोल भरायला विमान हँगरसमोर थांबवलं. दोड्डप्पा उतरले, ऑफिसात जाऊन सोलोच्या कागदावर सही करून आले, मालोजीरावाच्या खांद्यावर थाप मारली आणि विमान सोडलं. ते चढलं, डावीकडे वळलं आणि त्या वळणातून बाहेरच आलं नाही. वळतच खाली आलं आणि जळालं. चौकशी झाली, कारण सापडलं नाही. पट्टे बांधले होते का, असं विचारलं तेव्हा दोड्डप्पांनी ठासून हो म्हणून सांगितलं. मालोजीरावाचे वडील मातीच्या वेळी म्हणाले, "पोरगा तुमच्या हवाली केला होता." त्यानंतर दोड्डप्पा विमानात बसले नाहीत आणि त्या घराची पायरीही चढले नाहीत.

"चौकशीवाल्यांना सांगितलं आणि मग स्वतःला विचारायला लागलो," ते म्हणाले. "रोज करायची गोष्ट, नमू. दाराला कुलूप लावलं की नाही हे आठवतं का तुला? कालचं आठवतं, परवाचं आठवतं, सगळं एकात एक. त्या दिवसाचा पट्टा मला वेगळा आठवतच नाही. जन्म गेला शोधण्यात."



मी पुढचे पट्टे काढून नवे कापले. दोड्डप्पा रोज दुपारी येऊन शेजारी बसत. कुठला पट्टा खाली, कुठला वर, पिन कुठून निघते, चाप कसा बसतो, सगळं बोटांनी हवेत करून दाखवत. त्यांची बोटं विसरली नव्हती. तिसऱ्यांदा केलेलं त्यांना पटलं. चार पट्टे सीटच्या मध्यावर एकत्र आले, वर केसाएवढ्या तारेची पिन, तिच्यावर चाप. आता लाख माणसांनी बघितलं तरी चूक काढता येणार नाही, असं ते झालं.

"आता गोदेला बोलाव," ते म्हणाले. "गोंबे बघायला." नवरात्रात इकडे घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्या गोंबे.

गोदावरीबाई ही मालोजीरावाची धाकटी बहीण. त्या वेळी परकर-पोलक्यातून नुकती साडीत आलेली मुलगी; आता ऐंशीच्या घरातली, नातवंडांची आजी, येलवालला राहते. दोड्डप्पांनी आणि तिनं एकमेकांशी एक शब्द बोललेला मी कधी ऐकला नाही. समाजातल्या लग्नात ती मांडवात आली की दोड्डप्पा उभे राहायचे, आणि तिची नजर वळायच्या आत मागच्या दारानं घरी निघून यायचे. आम्ही याला तुसडेपणा समजायचो.

"त्या दिवशी मैदानावर जी माणसं होती, त्यांतली ती एकटी उरलीय," दोड्डप्पा म्हणाले. "मी ऑफिसात गेलो तेव्हा ती विमानापाशीच होती. तिनं बघितलं असणार. मॉडेल बघून आपणहून बोलली तर ठीक. नाही तर मी विचारीन."

"आणि ती म्हणाली, मोकळे होते, तर?"

"तर कळेल."

"कळून काय होणार आहे, दोड्डप्पा? या वयात?"

"सुम्ने फोन लाव," ते म्हणाले. फुकट वाद घालू नकोस, असा त्याचा अर्थ.

मी फोन लावला. मला वाटलं होतं, ती सबब सांगेल. दसऱ्याला गर्दी असते, गुडघे दुखतात, असं काही. पण तिनं एकच विचारलं, "फत्तेसिंगराव घरी असतील ना?"

"असतील."

"मग येते. आयुधपूजेला येते."

तिला ते घरी हवे होते. हे ऐकून दोड्डप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. ती काहीतरी सुनवायलाच येणार, असं त्यांनी धरलं, आणि खरं सांगायचं तर मीही.

आयुधपूजेच्या दिवशी सकाळपासून घरात माझं आणि आईचं वाजलं. इकडे नवमीला ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा होते. शेजारी स्कूटरांना झेंडूचे हार, समोर फोडलेले कोहळे, चाकांखाली लिंबं. आईनं माझे चिमटे, ब्लेडा, भिंग, गोंदाची सुई, सगळं गोळा करून देवापुढे पाटावर मांडलं, वर हळदकुंकू आणि फुलं. दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

"एक चिमटा तरी बाहेर ठेव!" मी ओरडले. "ऐन वेळी काही निघालं चिकटलेलं तर?"

"वर्षातून एक दिवस त्यांना विश्रांती दे," आई म्हणाली. "त्यांना आणि आम्हालाही."

एवढ्यावर थांबली नाही ती. बोट कुंकवात बुडवून विमानाकडे निघाली होती. मी आडवी उभी राहिले. पंख्याला तरी लावू दे म्हणाली. रुपेरी रंगावर कुंकवाचा डाग पडला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, हे तिला माहीत होतं. पुटपुटत परत गेली. मी विमान उचलून गोंब्यांच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं. वर लाकडी राजाराणी, मग देव, मग लग्नाचं वऱ्हाड, मग चन्नपट्टणचे हत्ती, आणि खाली गव्हाच्या कोवळ्या रोपांच्या मैदानावर टायगर मॉथ. आमच्याकडे दर वर्षी खालच्या पायरीवर काही तरी माझं असतं. नाक उडवण्याऐवजी लोकांनी वाकून बघितलं की मला बरं वाटतं.

दोड्डप्पा जेवले नाहीत. दुपारीच कोट चढवून विमानासमोरच्या खुर्चीत बसले. आईनं दोनदा कॉफी आणली, दोनदा ती थंड झाली. मी उगाच हत्ती इकडचे तिकडे करत होते. माझा जीव टांगणीला लागला होता. त्या बाईनं नुसतं "मला आठवत नाही" म्हटलं, तरी हा माणूस उरलेले दिवस कसे काढणार? आणि "मोकळे होते" म्हटलं तर? मॉडेल केलं नसतं तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात पहिल्यांदाच आलं.

ऊन उतरल्यावर गाडी थांबली. नात यशस्विनीच्या हाताला धरून गोदावरीबाई आत आल्या. ठेंगण्या, हातात काठी, पण चालण्यात लगबग. दोड्डप्पा नेहमीसारखे उठून उभे राहिले. फरक एवढाच की ते निघून गेले नाहीत.

"बसा हो," गोदावरीबाई म्हणाल्या. "उभे राहता आणि पळून जाता. या वेळी मी दारात बसेन."

यशस्विनी हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

आईनं हळदकुंकू दिलं, चुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ दिली. गोदावरीबाईंनी वरपासून एकेक पायरी बघितली, राजाराणीला हात जोडले, हत्तींचं कौतुक केलं. मग नजर खाली आली आणि त्या थांबल्या.

"अण्णाचं विमान," त्या म्हणाल्या.

कानडीत थोरल्या भावाला म्हणतात ते अण्णा. आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता. यशस्विनीनं धरायला हात पुढे केला, तो बाजूला सारून त्या विमानासमोर खालीच बसल्या. "हाच नंबर. हा पंख. याच्यावर पाय देऊन चढायचं. कुणी केलं?"

"नमितानं," दोड्डप्पा म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांनी तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द होता.

"भिंग आहे का गं?"

माझं भिंग फुलांखाली पूजेत होतं. दोड्डप्पांनी वर्तमानपत्र वाचायचं आपलं भिंग कोटाच्या खिशातून काढून दिलं. ते तयारच ठेवलं होतं त्यांनी. मी विमान दोन्ही हातांवर घेऊन गोदावरीबाईंपुढे धरलं. त्यांनी आधी मागची सीट बघितली, बराच वेळ. डोळे पुसले. मग भिंग पुढे सरकलं.

"अय्यो, हे पट्टेसुद्धा केलेस? बांधलेले?"

विचारायचं दोड्डप्पांना होतं, पण ते माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मीच विचारलं, "असेच होते ना, आजी?"

"असेच की! मी बघितले तेव्हा असेच होते, घट्ट. मधे ती खुंटी आणि वर हा चाप."

दोड्डप्पांनी डोळे मिटले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला रडूच फुटलं. झालं, सुटला हा माणूस, असं वाटलं. विमान हातात नसतं तर मी त्या म्हातारीला मिठी मारली असती.

"तो चाप निघता निघेना," गोदावरीबाई पुढे बोलतच होत्या, "माझं नख मोडलं त्याच्यावर. इथे, या बोटाचं."

दोड्डप्पांनी डोळे उघडले.

"चाप का काढलात, आजी?" मी विचारलं. विचारायला नको होतं. पण तोंडातून निघून गेलं.

"पूजेला नको काढायला? दसरा होता. अण्णाला ओवाळलं, पंख्याला कुंकू लावलं. म्हटलं, गुरूची जागा राहिली. हे ऑफिसात गेले होते सही करायला." त्यांनी मान दोड्डप्पांकडे वळवली. "तुमची सीट ती. ज्यांनी शिकवलं त्यांच्या जागेला हळदकुंकू वाहिल्याशिवाय अण्णाला कसं जाऊ द्यायचं? पंखावर चढून बघते तर पट्टे आवळलेले. मग सोडले, दोन्हीकडे टाकले, सीटवर हळदकुंकू वाहिलं, बन्नीची चार पानं ठेवली. परत बांधायला गेले तर मला जमेना. अण्णा म्हणाला, होगली, जाऊ दे, बेगा उतर. त्याचं सगळं लक्ष टोपीची पट्टी आवळण्यात. मी उतरले."

बन्नी म्हणजे शमी. इकडे दसऱ्याला आपट्याऐवजी तीच देतात. त्या चार पानांचं वजन किती असेल? पण पट्टे. दोन्ही बाजूंना सैल टाकलेले पट्टे, मी पहिल्यांदा केले होते तसेच, छान दिसणारे. आईला काही कळलं नव्हतं, यशस्विनीला कळलं नव्हतं. या घरात दोनच माणसांना कळलं होतं, आणि तिसरीला कळायच्या बेतात होतं. कारण गोदावरीबाई आता आमच्या तोंडाकडे बघत होत्या, आधी माझ्या, मग दोड्डप्पांच्या.

"काय झालं?" त्या म्हणाल्या. "का हो? सोडायचे नव्हते का ते?"

चुकीचं कुणी काही बोललं की बरोबर काय ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हा माझा स्वभाव, त्याला औषध नाही. एकट्यानं उडताना पुढचे पट्टे बांधलेलेच हवेत, हे वाक्य गेले पंधरा दिवस माझ्या तोंडात बसलं होतं. ते ओठांपर्यंत आलं. दोड्डप्पांनाही ते दिसलं असणार.

"नमिता," ते म्हणाले. ते मला नमू म्हणतात. पूर्ण नाव घेतलं तेव्हा मी गप्प झाले.

मग ते खुर्चीवरून पुढे वाकले. पूर्वी विद्यार्थ्यांशी बोलताना असाच आवाज असणार त्यांचा.

"चूक हिची आहे, गोदा. हिला काय माहीत? एकट्यानं उडताना पुढचे पट्टे सोडायचेच असतात. सोडून दोन्हीकडे टाकायचे. त्या दिवशी घाईत मीच बांधलेले ठेवून गेलो. तू सोडलेस ते बरं केलंस."

"हौदा?" गोदावरीबाई म्हणाल्या. खरंच का?

"खरंच."

"मग अण्णा कशानं..."

"इंजिन. वळणात इंजिन बसलं. त्याला कुणीच काही करू शकलं नसतं."

त्यांनी दोड्डप्पांकडे टक लावून बघितलं. मला वाटलं, या बाईला फसवणं सोपं नाही, आता धरणार. पण त्यांचं मन तिथे नव्हतंच. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि आवाज चढला.

"तुमचा दोष नव्हता तर आलात का नाही? मला हेच विचारायचं होतं, म्हणून आले मी! बाबा एकदा दुःखात बोलले ते बोलले. मग दर दसऱ्याला बन्नी घेऊन ओसरीवर बसायचे. म्हणायचे, फत्तेसिंगराव येईल. जाईपर्यंत म्हणत होते."

दोड्डप्पांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. "धीर झाला नाही, गोदा," ते म्हणाले. तेवढं एक वाक्य त्यांनी खरं सांगितलं.

आईनं पाणी आणलं. गोदावरीबाई प्याल्या, पदरानं तोंड पुसलं, काठी सावरली. आणि उठता उठता म्हणाल्या, "मग हे दुरुस्त कर की गं. एवढं देखणं केलंस, त्यात चूक कशाला?"

"उद्या करील," आई म्हणाली. "आज तिची हत्यारं पूजेत आहेत."

"उद्या मी कुठे बघायला येते? साकु, पुरे झालं, आत्ताच कर." त्यांनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन सोडवून माझ्यापुढे धरली. "ही घे. ही काही पूजेत नाही."

मी दोड्डप्पांकडे बघितलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. जन्मभर जे ऐकायला तडफडले, ते कानावर पडून पुरता श्वास घ्यायच्या आत त्यांनी ते फेकून दिलं होतं. वर ती चूक माझ्या माथी मारली होती, पट्ट्यांच्या बाबतीत, माझ्या! त्यांनी मान हलवली. कर म्हणाले.

मी खाली बसले. विमान मांडीवर घेतलं. शिशाचा वर्ख एकदा वळवून घट्ट बसवला की पुन्हा उलगडायला बघत नाही. जोर लावला की तुटतो. भिंग यशस्विनीनं धरलं. पिनचं टोक चापाखाली घातलं. लॅबमध्ये मी कुणाच्याही दातांच्या वेळी अशी घाबरले नाही. चाप उडाला, गव्हाच्या रोपांत पडला. तो कुणाला सापडला नाही. मग वरचा पट्टा उचलला, मग त्याच्या खालचा. तिसऱ्याला चीर गेली, पण तुटला नाही. एकेक उलगडून सीटच्या कडांवरून बाहेर टाकला, आधी होते तसे. गोदावरीबाई श्वास रोखून बघत होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "अगदी असंच केलं होतं मी."

मला मान वर करता येईना.

"कुंकू राहिलं," दोड्डप्पा म्हणाले.

आईनं लगेच करंडा पुढे केला. सकाळी ज्या कुंकवासाठी मी तिच्या अंगावर धावले होते, त्याच्यात मी पिनचं टोक बुडवलं आणि पुढच्या सीटवर टेकवलं. एवढासा लाल ठिपका उमटला. गोदावरीबाईंनी हात जोडले, आधी विमानाला, मग दोड्डप्पांना. दोड्डप्पांनीही हात जोडले. "उद्या बन्नी घेऊन या येलवालला," त्या म्हणाल्या. "नाही आलात तर मी परत येईन भांडायला." पिन तेवढी त्या विसरून गेल्या. ती अजून माझ्या पेटीत आहे.

गाडी गेल्याचा आवाज आला. आई कॉफी करायला आत गेली. मी भांडायच्या तयारीतच वळले होते. दोड्डप्पा विमानाकडे बघत बसले होते, कोट अजून अंगावर.

"सही करून आल्यावर मी आत एकदा बघायला हवं होतं," ते म्हणाले.

"साकु, दोड्डप्पा."

"बघायला हवं होतं." थोड्या वेळानं त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती. मग दाराकडे एकदा बघून, कुणी ऐकत नाही ना अशी खात्री करून, हळूच म्हणाले, "पण ती म्हणाली ना, नमू? आधी काय म्हणाली?"

"बांधलेले होते म्हणाली."

"घट्ट म्हणाली ना?"

"घट्ट म्हणाली. नख मोडलं तिचं."

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. आई कॉफी घेऊन येईपर्यंत सांगत राहिले.